मदत हवी आहे: वाचनालयातले चार जुने संगणक, एक्सएफसीई डेस्कटॉप आणि गायब होणारं पॅनेल

वाचनकट्टा (धागाकर्ती)

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, मी तिथं ग्रंथपाल आहे. एका महाविद्यालयानं संगणक प्रयोगशाळा नवी केली तेव्हा जुने चार संगणक आम्हाला दिले. चारही सारखेच. कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, जी३१ चिपसेटचा बोर्ड, २ जीबी डीडीआर२ रॅम, १६० जीबीची हार्डडिस्क. आधी विंडोज ७ होतं. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि पुढं ब्राउझरही अपडेट होईनात, सरकारी पोर्टलं उघडेनात. म्हणून डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकून घेतला. रॅम कमी म्हणून ३२ बिटचं टाकलं.

वापर कोण करतं ते सांगते, म्हणजे सल्ला देताना लक्षात राहील. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक यांची तयारी करणारी मुलं-मुली, शिष्यवृत्तीचे फॉर्म, कोणाला सातबारा पाहायचा असतो, दोन-तीन मुली मराठी टायपिंगचा सराव करतात. मोबाइलवर फॉर्म भरताना फोटो आणि सही ठरलेल्या केबीत बसवायची म्हटलं की सगळे इथंच येतात. यवतमाळला जायचं तर दिवस मोडतो आणि मुलींना घरून दर वेळी सोडतीलच असं नाही. त्यामुळे ही मशीन चालू राहणं मला फार महत्त्वाचं आहे.

अडचणी:

सगळ्यात मोठी पॅनेलची. लॉगिन केलं की नुसतं वॉलपेपर दिसतं. मेनू नाही, घड्याळ नाही, उघडलेल्या खिडक्यांची पट्टी नाही. इथं लाईन सारखी जाते, त्यामुळे फाइल खराब होत असावी असं मला वाटतं. दर वेळी नवीन खातं तयार करून देते, थोडे दिवस चालतं, मग पुन्हा तेच.

दुसरी, ब्राउझरमध्ये चार-पाच टॅब उघडले की सगळं थिजतं. माऊससुद्धा हलत नाही, हार्डडिस्कचा दिवा सतत पेटलेला. शेवटी बटण दाबून बंद करावं लागतं.

बाकी किरकोळ: दोन मशीनवर तारीख मागं जाते आणि मग कोणतीच वेबसाइट उघडत नाही. तीन नंबरच्या स्क्रीनवर १०२४ × ७६८ च्या वर रिझोल्युशन येत नाही. चार नंबरचं मशीन दुपारी आपोआप बंद पडतं. आणि मराठी इन्स्क्रिप्ट (टायपिंगची कळरचना) लिबरऑफिसमध्ये चालतं पण ब्राउझरमध्ये चालत नाही.

दुरुस्तीवाल्यांना दाखवलं, ते म्हणतात भंगारात द्या. मला ते पटत नाही. मी स्वतः करू शकेन अशा भाषेत कोणी सांगेल का?

पेचकस

ताई, भंगारात अजिबात देऊ नका. ई७५०० चा प्रोसेसर फॉर्म भरायला आणि टायपिंगला आजही पुरतो. कमी पडते ती रॅम आणि डिस्क.

पॅनेलबद्दल आधी एक गोष्ट तपासा. लाईन अचानक गेली तर लॉगआउट होतच नाही, म्हणजे एक्सएफसीईला त्या वेळी सेशन (काय काय चालू होतं त्याची नोंद) जतन करायची संधीच मिळत नाही. त्यामुळे मला लाईनवर शंका नाही. पॅनेल गायब झालं त्याच्या आदल्या दिवशी त्या मशीनवर काय झालं होतं, आठवून सांगा. आणि होम फोल्डर असलेली डिस्क पूर्ण भरलेली नाही ना, तेही पाहा.

तोपर्यंत नवीन खातं करू नका. वॉलपेपरवर असताना ऑल्ट आणि एफ२ एकत्र दाबा, छोटी खिडकी येईल, त्यात एक्सएफसीई४-पॅनेल हे नाव इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. पॅनेल परत येतं.

कापूसपट्टा

ताई, चार नंबरच्या मशीनचं मी सांगतो. दुपारीच बंद पडते म्हणजे गरम होऊन बंद पडते. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जाते, त्यात कापसाच्या दिवसात रुईचे बारीक तंतू उडतात आन हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यात जाऊन बसतात. पंखा काढून ब्रशनं साफ करा. हीटसिंक अन् प्रोसेसरच्या मधातली पेस्ट इतक्या वर्षात वाळून खडूसारखी झाली असन, ती पुसून नवी लावा.

खोललंच आहे त बोर्डावरचे कॅपॅसिटर पाहून घ्या. डोकं सपाट असलं त ठीक. फुगलं असन किंवा वरून तपकिरी चिकट निघालं असन त ते बदलल्याबिगर मशीन भरवशाचं नाही, मंग लिनक्स कोणतंही टाका.

तारखेचं म्हणाल त बोर्डावरचा गोल सेल संपला. सीआर २०३२ मागा, घड्याळवाल्याकडंही भेटते. तारीख चुकली की वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला खोटं वाटते, म्हणून उघडत नाही. सेल टाकल्यावर बायोसमधी (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधी) जाऊन लाईन परत आल्यावर मशीन बंदच राहावं अशी सेटिंग करा. आपल्याकडं लाईन येते, जाते, येते. तेवढ्यात मशीन सुरू होऊन पुन्हा बंद पडलं की डिस्कचा जीव जाते.

वाचनकट्टा

दोघांचेही मनापासून आभार. ऑल्ट-एफ२ नं पॅनेल लगेच आलं! इतके दिवस मी नवीन खाती करत बसले होते.

आमच्याकडे संगणक वापराची नोंदवही आहे, त्यात मुलं शेऱ्यात 'हँग झाला' असं लिहितात. ती पाहिली. पॅनेल गेलं ते बहुतेक वेळा 'हँग'च्या शेऱ्यानंतरच. लाईन गेलेली नसतानाही गेलंय. डिस्क निम्मीही भरलेली नाही.

पेचकस

नोंदवहीनं काम सोपं केलं. आता साखळी अशी दिसते: रॅम संपते, पॅनेल कोसळतं. सेशन मॅनेजर ते पुन्हा उभं करतो, पण वारंवार कोसळलं की सोडून देतो. मशीन थोडं मोकळं झालं की मुलं बिनपॅनेलच्याच पडद्यावरून कसंबसं लॉगआउट करतात. बाहेर पडताना 'पुढच्या वेळेसाठी सेशन जतन करा' या चौकटीत खूण असेल तर एक्सएफसीई इमानदारीनं पॅनेल नसलेलं सेशन जपून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तेच समोर मांडतो. तुमच्या फाइली खराब झालेल्या नाहीत.

उपाय: सेटिंग्जमध्ये 'सेशन अँड स्टार्टअप' उघडा. लॉगआउटला सेशन आपोआप जतन करण्याची खूण काढा. त्याच ठिकाणी जतन केलेली सेशन पुसून टाकण्याचं बटण आहे, ते दाबा. लॉगआउटच्या खिडकीतली खूणही काढा.

पण मूळ दुखणं रॅमचं आहे, ते राहिलं तर मुलांचा अर्धा भरलेला फॉर्म जातच राहील. त्यासाठी तीन गोष्टी.

पहिली, झेडरॅम. डेबियनमध्ये झेडरॅम-टूल्स नावाचं पॅकेज आहे. रॅमचाच काही भाग दाबून साठवायला वापरतं, त्यामुळे डिस्कवर जायची वेळ उशिरा येते. रॅमच्या निम्म्याइतकं ठेवा.

दुसरी, अर्लीओओएम नावाची छोटी सेवा. मशीन थिजायच्या आधीच सगळ्यात जास्त रॅम खाणारी गोष्ट ती बंद करते, म्हणजे बहुधा ब्राउझरचा एक टॅब जातो आणि बाकी सगळं वाचतं. एक बारकावा मात्र बरेच जण विसरतात: मोकळी रॅम आणि मोकळा स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची राखीव जागा) हे दोन्ही १० टक्क्यांच्या खाली गेले तरच ती जागी होते. डिस्कवर मोठा स्वॅप असेल तर तो भरेपर्यंत ती गप्प बसते आणि तुमचा दिवा पेटलेलाच राहतो. म्हणून झेडरॅम सुरू झाल्यावर डिस्कवरचा स्वॅप बंद करा.

तिसरी, रॅम वाढवा. जी३१ ला ४ जीबीपर्यंत चालते. डीडीआर२ च्या २ जीबीच्या वापरलेल्या पट्ट्या नागपूरला सीताबर्डीत शोधल्या तर मिळतात. डेस्कटॉपची आहे ना, ते पाहून घ्या, लॅपटॉपची पट्टी बसत नाही.

हलकंफुलकं

मी वेगळं सुचवतो. एक्सएफसीई सोडा, अँटीएक्स टाका. आईसडब्ल्यूएम खिडकी-व्यवस्थापकावर चालतं, सुरू झाल्यावर एक्सएफसीईपेक्षा दोनशे-तीनशे एमबी तरी कमी घेतं. २ जीबीत तो फरक मोठा आहे.

पेचकस

अँटीएक्स उत्तम आहे, १ जीबीचं मशीन असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण इथं रॅम डेस्कटॉप खात नाही, ब्राउझर खातो. दोनशे एमबी वाचले तरी ते एका-दोन टॅबमध्ये संपतील. आणि मुलांना एक्सएफसीईची सवय झाली आहे. ती मोडण्यापेक्षा ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाकलं तर फायदा जास्त, कारण नोकरीच्या जाहिरातींच्या साइटवर माहितीपेक्षा जाहिरातीच जास्त लोड होतात.

३२ बिटबद्दल मात्र बदल कराच. कोअर टू ड्युओ ६४ बिटचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) राहिलेला नाही. ३२ बिट लिनक्ससाठी फायरफॉक्सची नेहमीची शेवटची आवृत्ती १४४, त्यानंतर फक्त ईएसआर (जास्त काळ सपोर्टची आवृत्ती) १४० काही काळ. थोडी जास्त रॅम लागेल, पण ब्राउझर अद्ययावत नसेल तर फॉर्मच भरता येणार नाहीत. ३२ वरून ६४ वर अपडेट करत बसू नका, मुलांच्या फाइली पेनड्राइव्हवर घेऊन नव्यानं टाका.

टाकण्यापूर्वी 'डिस्क्स' या प्रोग्राममधून हार्डडिस्कचं स्मार्ट (डिस्कची स्वतःची तब्येतीची नोंद) तपासा. रीअलोकेटेड किंवा पेंडिंग (म्हणजे खराब झालेल्या किंवा संशयित) सेक्टरचा आकडा वाढत असेल तर ती डिस्क ठेवू नका. छोटी एसएसडी बसवली तर याच मशीनचा वेग पाहून मुलं विचारतील, नवीन आणलं का म्हणून.

खिडकी ओढताना ती अडखळत असेल तर 'विंडो मॅनेजर ट्वीक्स'मध्ये कंपोझिटर बंद करा. या जुन्या इंटेल ग्राफिक्सला सावल्या आणि पारदर्शकता पेलत नाही.

वाचनकट्टा

एक आणि दोन नंबरवर ६४ बिटचं टाकलं, सेशनची खूण काढली, झेडरॅम, अर्लीओओएम केलं आणि डिस्कवरचा स्वॅप बंद केला. काल एका मुलीनं वनरक्षकाचा पूर्ण फॉर्म भरला, मध्ये एक टॅब आपोआप बंद झाला पण फॉर्मचा टॅब राहिला. पॅनेल रोज जागेवर आहे. चार नंबरच्या हीटसिंकमधून खरंच रुईचा गोळा निघाला, कॅपॅसिटर सगळे सपाट आहेत. पेस्ट लावल्यापासून दुपारी चालतंय. सेल दोन्ही बदलले.

रॅमसाठी वाचनालयाच्या समितीकडे अर्ज दिलाय.

राहिलं तीन नंबरचं रिझोल्युशन आणि मराठी टायपिंग.

कापूसपट्टा

रिझोल्युशनसाठी पयले एक नंबरची व्हीजीए केबल काढून तीनला लावून पाहा. मॉनिटर आपली माहिती केबलच्या बारीक पिनातून सांगते. एखादी पिन तुटली असन त मशीनले कळतच नाही कोणता मॉनिटर आहे, मंग ते १०२४ वरच थांबते. जुन्या केबलीत हे खूप भेटते.

पेचकस

टायपिंग: इन्स्क्रिप्टच हवं असेल तर आयबसची (भाषा टाइप करायच्या वेगळ्या सेवेची) गरजच नाही. सेटिंग्जमध्ये 'कीबोर्ड', त्यात 'लेआउट'. 'सिस्टिमचीच सेटिंग वापरा' ही खूण काढा, मग भारतीय भाषांच्या यादीतून मराठी एनहान्स्ड इन्स्क्रिप्ट जोडा आणि भाषा बदलण्याची कळ खालीच निवडा. हे थेट डेस्कटॉपच्या पातळीवर चालतं, त्यामुळे ब्राउझर असो की लिबरऑफिस, सगळीकडे सारखं चालतं आणि एक सेवा कमी झाल्यानं रॅमही वाचते. कोणाला उच्चाराप्रमाणे टाइप करायचं असेल तरच आयबस ठेवा, त्याच्या एम१७एन पॅकेजमध्ये गमभन पद्धत आहे.

वाचनकट्टा

केबलच होती! तीन नंबरला आता पूर्ण स्क्रीन आहे. टायपिंगही ब्राउझरमध्ये चालू झालं, मुली खूश आहेत.

शेवटचं विचारते. लहान मुलं पॅनेलवर राइट-क्लिक करून ते हलवतात, आयकॉन काढून टाकतात. कुलूप लावता येतं का?

पेचकस

येतं. विद्यार्थ्यांच्या खात्यात पॅनेल तुम्हाला हवं तसं मांडा. मग 'पॅनेल प्रोफाइल्स' प्रोग्राममधून त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर काढा, बाकी तीन मशीनवर तीच लावा म्हणजे चारही सारखी दिसतील.

पक्क्या कुलुपासाठी त्या खात्याच्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरातली पॅनेलची एक्सएमएल फाइल रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) म्हणून सिस्टिमच्या ईटीसी, एक्सडीजी, एक्सएफसीई४, एक्सएफकॉन्फ या मार्गावरच्या, ती मूळ ज्या नावाच्या फोल्डरात होती त्याच नावाच्या फोल्डरात ठेवा. फाइलीत सुरुवातीला चॅनेलची ओळ असते. त्यात लॉक्डची किंमत तारांकन (*) आणि अनलॉक्डची किंमत रूट अशी लिहा, म्हणजे रूट सोडून कोणालाच बदल करता येणार नाही. विद्यार्थी खात्यातली लाँचरांची (पॅनेलवरच्या प्रोग्राम-बटणांची) फोल्डरं मात्र हलवू नका, नाहीतर आयकॉनच्या जागा रिकाम्या दिसतील.

आधी एकाच मशीनवर करून पाहा, चाललं तर बाकीच्यांवर करा. आणि रूटचा पासवर्ड नोंदवहीत लिहू नका.