दम लागेल या भीतीने घराबाहेर पडणेच थांबले आहे

प्रश्न: मी ६७ वर्षांची असून सदाशिव पेठेत राहते. मला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे. दिवाळीपूर्वी लक्ष्मी रस्त्यावरील गर्दीत एवढा दम लागला की एका दुकानाच्या पायरीवर बसावे लागले. औषधे योग्य आहेत, आता चालायला लागा, असे डॉक्टर म्हणतात. परंतु चपला पायात सरकवतानाच छाती दाटून येते. यातून कोणी सावरले आहे का?

उत्तर: ताई, मलाही हाच आजार आहे. भीतीने श्वास जलद आणि उथळ होतो, आतली हवा पूर्ण बाहेर पडण्याआधीच आपण पुढचा श्वास ओढतो, आणि अडकलेल्या हवेमुळे दम आणखी वाढतो. म्हणून नाकाने दोन अंक मोजत श्वास घ्यावा आणि ओठांचा चंबू करून चार अंकांपर्यंत सावकाश सोडावा. हे मी आधी घरी, मालिका बघताना घोटले. नंतर कमला नेहरू उद्यानात एका बाकापासून दुसऱ्यापर्यंत चालू लागलो. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांचा नाद मात्र सोडला.

उत्तर: मी फिजिओथेरपिस्ट आहे. बसून राहिल्याने पायांचे स्नायू दुबळे होतात आणि थोड्या चालण्यानेही धाप लागते, त्यामुळे डॉक्टरांना फुप्फुस पुनर्वसनाविषयी (देखरेखीखाली करायचे व्यायाम आणि श्वसनाचे प्रशिक्षण) अवश्य विचारा. थंडीत पहाटे धूर जमिनीलगत साचतो. ऊन वर आल्यावर निघा. तातडीचा पंप (इनहेलर) जवळ ठेवा. पंप घेऊनही दम ओसरला नाही किंवा ओठ निळसर दिसले, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. उद्या दहाच्या सुमारास सुनेबरोबर कोपऱ्यापर्यंत जाईन.