मोबाइलवरून वाय-फायने होम थिएटर चालवायचंय, काय घ्यावं? सल्ला हवा

सिंहगडरोडकर:
नमस्कार मंडळी. घरी सोनीचा गूगल टीव्ही, यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ रिसीव्हर (५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरला आवाज पुरवणारा डबा), फायर स्टिक आणि सेट टॉप बॉक्स आहे. म्हणजे चार रिमोट, आणि मी ऑफिसात असले की आईचा फोन, "अगं चित्र दिसतंय पण आवाज नाहीये". सगळं मोबाइलवरून चालवता आलं तर फार बरं होईल, माझा अँड्रॉइड आहे, नवऱ्याचा आयफोन, दोन्हीवर चाललं पाहिजे. दुकानात म्हणाले वाय-फायवाला नवीन रिसीव्हर घ्या. पण हा इतका सुंदर वाजतोय, का बदलू? बजेट तीन-चार हजार.

टेकडीवाला:
अजिबात बदलू नका ताई. व्ही३८५ ला ब्लूटूथ आहे, वाय-फाय नाही, त्यामुळे वाय-फायने रिसीव्हर चालवायचं यामाहाचं म्युझिककास्ट अ‍ॅप त्याला चालणार नाही, बाकी काही अडत नाही. आधी फुकटात होतंय ते करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ब्राव्हिया सिंक ऑन करा आणि रिसीव्हरच्या सेटअपमध्ये एचडीएमआय कंट्रोल आणि एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलने रिसीव्हरकडे आणणारी सोय) ऑन करा. ब्राव्हिया सिंक आणि एचडीएमआय कंट्रोल ही एकच गोष्ट, एचडीएमआय-सीईसी, म्हणजे केबलमधून एका यंत्राने दुसऱ्याला हुकूम देणं, प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते (एलजीवाले सिम्पलिंक म्हणतात, सॅमसंगवाले एनीनेट प्लस). केबल टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या पोर्टातच पाहिजे, हे नक्की बघा, बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. मग टीव्ही लावला की रिसीव्हर आपोआप उठतो आणि टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त होतो, म्हणजे आईंची तक्रार तिथेच मिटली. आता दोन्ही फोनवर गूगल होम टाका, त्यात टीव्हीचा रिमोट येतो. फोन वाय-फायने टीव्हीला सांगतो, टीव्ही केबलमधून रिसीव्हरला.

सिंहगडरोडकर:
केलं! आवाज टीव्हीच्या रिमोटने व्हायला लागला, आई जाम खूश. पण माझ्या फोनवर टीव्ही दिसतो, नवऱ्याच्या फोनवर शोधत बसतं नुसतं.

टेकडीवाला:
घरात दोन राउटर आहेत का? फायबरवाल्यांनी दिलेला डबा आणि तुमचा स्वतःचा?

सिंहगडरोडकर:
हो, बेडरूममध्ये रेंज येत नव्हती म्हणून एक घेतला होता. त्याचा फोन त्यावर असतो.

टेकडीवाला:
मग तेच. दोन्ही फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये आयपी पत्ता बघा. तुमचा १९२.१६८.१ ने सुरू होत असेल आणि त्यांचा १९२.१६८.० ने, तर इंटरनेट दोघांनाही मिळतं पण घरात दोन वेगळी नेटवर्क झालीत, आणि ही सगळी अ‍ॅप्स आपल्याच नेटवर्कमध्ये टीव्ही शोधतात. बेडरूमचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडला टाका, म्हणजे पत्ते एकटा फायबरचा डबाच वाटेल. आणि टीव्ही गेस्ट वाय-फायवर ठेवू नका, तिथे बहुतेक राउटर उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. माझं तर म्हणणं आहे की रिमोटवर एक रुपया घालायच्या आधी राउटर नीट करा, नाहीतर कुठलंही महागडं यंत्र आणा, ते असंच अधूनमधून गायब होणार.

वडगावकर:
सेट टॉप बॉक्ससाठी ब्रॉडलिंकचा आरएम४ मिनी घ्या, बजेटात सहज बसेल. अँड्रॉइड-आयफोन दोन्हीवर चालतो. वाय-फायवर हुकूम घेतो आणि इन्फ्रारेड सोडतो, म्हणजे जुन्या रिमोटची नक्कल. जोडताना २.४ गिगाहर्ट्झवरच जोडायचा, ५ वर तो चालत नाही. ठेवायचा असा की बॉक्स समोर दिसला पाहिजे, लाकडी कपाटाच्या दारातून किरण जात नाहीत. फायर स्टिकला मात्र त्याचा उपयोग शून्य, स्टिकला इन्फ्रारेड डोळाच नसतो. तिच्यासाठी फायर टीव्हीचं अ‍ॅप. आणखी एक, हा मिनी फक्त बोलतो, ऐकत नाही. बॉक्स चालू आहे की बंद हे त्याला कळत नाही, त्यामुळे चालू-बंदचं बटण एकच असेल तर 'सगळं बंद कर' म्हटल्यावर बंद असलेला बॉक्स नेमका चालू होतो.

डेक्कनची_अनघा:
आपल्या पुण्यात गुरुवारी लाइट जाते ना, त्याचाही विचार करा. लाइट आली की राउटर कधीकधी पत्ते नव्याने वाटतो आणि काही अ‍ॅप्स जुन्याच पत्त्यावर टीव्ही शोधत बसतात. राउटरच्या सेटिंगमध्ये टीव्हीला कायमचा पत्ता राखून ठेवा. राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो, आमच्याकडे तेव्हापासून शांतता आहे. घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून जा.
आणि आईबाबांच्या हातात बटणांचा रिमोटच राहू द्या हो. फोनचं लॉक उघडा, अ‍ॅप शोधा, काचेवर बघून दाबा, तोवर फोन वाजतो, हे त्यांना नको असतं. अंधारात अंगठ्याला कळतं ते बटण त्यांचं.

सिंहगडरोडकर:
अ‍ॅक्सेस पॉइंट मोड केला, आयफोनवर टीव्ही लगेच दिसला!! मिनी मागवते. भाचरं सुट्टीत येतात, फोनवरून आवाज एकदम फुल्ल करतील याची तेवढी भीती वाटते, स्पीकर जपायचेत.

टेकडीवाला:
रिसीव्हरच्या सेटअपमध्ये मॅक्स व्हॉल्यूम आहे, आज रात्री आईबाबांना चालेल एवढ्यावर आणून ठेवा. मग हुकूम फोनवरून येवो की रिमोटवरून, त्याच्यावर जाणार नाही.