एक्सबॉक्स ३६० चा अमेरिकन पॉवर ब्रिक (बाहेरचा अडॅप्टरचा डबा) २३० व्होल्टला लावला गेला, आता पूर्ण डेड. कॉम्पोनंट लेव्हलला दुरुस्त करता येईल का?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी, सांगलीहून लिहितेय. भावाचा जुना एक्सबॉक्स ३६० आहे, पहिल्या पिढीतला जाडा, २००६ साली मामेभावाने न्यू जर्सीहून आणलेला. एवढी वर्षं तो २३० चे ११० करणाऱ्या स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरवर चालायचा. मागच्या आठवड्यात माळ्यावरून काढला आणि मी ब्रिक थेट भिंतीच्या सॉकेटला लावला. लेबलवर १००-१२७ व्होल्ट स्पष्ट लिहिलंय, मी वाचलं नाही, चूक सर्वस्वी माझी. फट्ट करून आवाज आला, जळका वास, आणि ब्रिकवरचा दिवा ना केशरी ना लाल, काहीच नाही.

खालचे रबरी पाय काढून स्क्रू काढले, उघडून बघितलं. फ्यूज काळा पडलाय आणि त्याच्या शेजारची निळी गोल चकती उभी चिरलीय. फ्यूज बदलला, यावेळी स्टेप-डाऊनवरच लावला, तरी तो लगेच उडाला. प्रायमरीला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला, २०० व्होल्टचे दोन मोठे कॅपॅसिटर आहेत, त्यातल्या एकाचं डोकं किंचित फुगल्यासारखं वाटतंय. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, सोल्डरिंग जमतं, पण एसएमपीएस, म्हणजे असला स्विचिंग पॉवर सप्लाय, कधी दुरुस्त केलेला नाही. भाऊ गणपतीत चार वर्षांनी घरी येतोय, त्याच्या आधी हा चालू व्हावा अशी फार इच्छा आहे.

सिरीजबोर्ड
ताई, सगळ्यात आधी नवा फ्यूज टाकून बघणं बंद करा. फ्यूज उडतोय म्हणजे पुढे काहीतरी शॉर्ट आहे, ते सापडेपर्यंत कितीही फ्यूज टाकले तरी जाणारच.

आणि हात लावायच्या आधी मोठे कॅपॅसिटर डिस्चार्ज करा. बंद पडलेल्या सप्लायमध्ये धोका जास्त असतो कारण चार्ज खर्च करणारं कोणी उरलेलं नसतं, तो तासन् तास तसाच बसून राहतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका, १० के १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींना लावून किमान एक मिनिट धरा आणि मग मीटरने डीसी व्होल्ट बघून खात्री करा.

झालं काय असणार ते सांगतो. २३० व्होल्टचा पीक असतो ३२५. रेक्टिफाय होऊन तेवढा डीसी २०० व्होल्टच्या कॅपॅसिटरवर जायला निघाला. ती निळी चकती म्हणजे एमओव्ही, फ्यूजच्या लगेच पुढे फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये असते, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की ती स्वतः कंडक्ट करून फ्यूज उडवते, म्हणजे तिने जीव देऊन पुढचं बरंच वाचवलं असणार. पण मरताना ती शॉर्ट होऊन राहते, तुमचा दुसरा फ्यूज बहुतेक तिनेच घेतला. ती काढून टाका. मग एसीचा डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर मीटरच्या डायोड मोडवर तपासा, प्रत्येक डायोड एका दिशेने ०.५ च्या आसपास आणि उलट दिशेने ओपन दाखवायला हवा. मग हीटसिंकवरच्या मॉसफेटचं (वेगाने चालू-बंद होणारा स्विच) ड्रेन-सोर्स बघा. मॉसफेट शॉर्ट निघाला तर त्याच्या सोर्सचा छोट्या ओहमचा सेन्स रेझिस्टर आणि गेटचा रेझिस्टर पण बघा, नाहीतर नवीन मॉसफेट पहिल्याच सेकंदाला जाईल.

पॉवर देताना सिरीज बोर्डवरच द्या, म्हणजे मध्ये सिरीजमध्ये बल्ब जोडून, १०० वॅटचा पिवळा बल्ब, सीएफएल-एलईडी नाही. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात, बल्ब स्टेप-डाऊनच्या ११० च्या बाजूला लावणार असाल तर पुढे शॉर्ट असला तरी तो पूर्ण पेटणार नाही, मंद पिवळा पेटेल. त्यालाच शॉर्ट समजा.

गेमर_नाशिक
एवढं करताच आहात तर ब्रिक २३० चाच करून टाका ना, दोन्ही कॅपॅसिटर ४०० व्होल्टचे टाका, एमओव्ही ४७१ ची (म्हणजे ४७० व्होल्टची) टाका, झालं काम. स्टेप-डाऊनचं लोढणं कायमचं सुटेल.

वेढे_आणि_गाभा
असं कृपा करून करू नका. मी एकवीस वर्षं एसएमपीएस दुरुस्त करतोय आणि हा सल्ला ऐकून जळालेले बोर्ड माझ्या टेबलावर आलेत. कॅपॅसिटर बदलला म्हणजे सप्लाय २३० चा होत नाही. आतल्या ट्रान्सफॉर्मरचे वेढे साधारण १५५ व्होल्ट डीसीच्या हिशोबाने गुंडाळलेत, त्याला ३२५ दिले की सेकंडरीच्या, म्हणजे आउटपुटकडच्या, शॉटकी डायोडवर दुप्पट रिव्हर्स व्होल्टेज येतं, प्रायमरीचा मॉसफेट त्याच्या रेटिंगच्या पलीकडे जातो. आणि ह्या ब्रिकचा मुख्य आउटपुट १२ व्होल्ट १६.५ अँपिअर आहे, बिघडला तर तो थेट भावाच्या कन्सोलमध्ये बिघडेल. ११० चा आहे तो ११० चाच राहू द्या. एमओव्ही पण त्याच हिशोबाची घ्या, २४१ किंवा २७१ छापलेली, आणि चकतीचा व्यास जुन्याइतकाच.

स्टेप-डाऊन नकोच असेल तर भारतातला २२०-२४० चा ब्रिक शोधा, कन्सोलला आत डीसीच जातो त्यामुळे चालतो. फक्त कन्सोलच्या मागे पॉवर सॉकेटपाशी किती अँपिअर लिहिलेत ते बघा, १६.५ वाल्याला १४.२ किंवा १२.१ चा ब्रिक बसत नाही, खाच मुद्दाम वेगळी ठेवलीय. उलट १६.५ चा ब्रिक त्या दोन्हींना बसतो.

गेमर_नाशिक
हे वेढ्यांचं लक्षात आलं नव्हतं, माझा वरचा सल्ला कोणी वापरू नये.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार. आज दिवसभर बसले. एमओव्ही पूर्ण शॉर्ट होती, ब्रिजमधला एक डायोड दोन्ही दिशांनी ०.००३ दाखवतोय. मॉसफेट चांगले आहेत, एक पाय उचलून मोजले. पुण्याला बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी मैत्रिणीला पाठवून ब्रिज, एमओव्ही, २०० व्होल्ट १०५ डिग्रीचे दोन कॅपॅसिटर आणि टी छापलेला स्लो ब्लो फ्यूज मागवला, सगळं बसवलं.

सिरीज बोर्डवर लावलं, बल्ब क्षणभर चमकला आणि विझला, म्हणजे शॉर्ट गेला! मोठ्या कॅपॅसिटरवर १५६ व्होल्ट डीसी येतोय. पण केशरी दिवा अजून नाही, आणि कान जवळ नेला की अगदी बारीक टिक टिक टिक ऐकू येतं. ५ व्होल्ट स्टँडबायच्या (कन्सोल बंद असतानाही चालू राहणाऱ्या सप्लायच्या) लाल वायरवर मीटर ०.४, ०.९, ०.३ असं नाचतंय. हा आवाज कसला?

वेढे_आणि_गाभा
ताई, हा आवाज म्हणजे चांगली बातमी आहे. स्टँडबायचा आयसी जिवंत आहे, चालू व्हायचा प्रयत्न करतोय आणि दर वेळी अर्ध्यावर पडतोय. स्टार्टअप रेझिस्टरमधून आयसीच्या व्हीसीसीचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पुरवठ्याचा, छोटा कॅपॅसिटर भरतो, आयसी सुरू होतो, मग ट्रान्सफॉर्मरच्या मदतनीस वाइंडिंगकडून करंट मिळेपर्यंत त्या कॅपॅसिटरने आयसीला तगवून धरायचं असतं. तो वाळलेला असला की धरत नाही, व्होल्टेज पडतं, परत पहिल्यापासून. छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा इलेक्ट्रोलिटिक दिसेल, ५० व्होल्टचा, तो बदला. त्याने नाही भागलं तर स्टँडबायच्या सेकंडरीचा डायोड शॉर्ट आहे का बघा, तेव्हाही अशीच टिकटिक होते.

व्हीसीसी मोजायची असेल तर मीटरचा काळा प्रोब मोठ्या कॅपॅसिटरच्या मायनसला लावा, आउटपुटच्या काळ्या वायरीला नाही. प्रायमरी आणि सेकंडरीचा ग्राउंड वेगळा असतो, ते दोन्ही कधीही जोडायचे नाहीत. प्रोब आधी क्लिपने अडकवा, मग पॉवर द्या, आणि एक हात पाठीमागे ठेवा.

कृष्णाकाठची
तोच होता!! ४७ मायक्रोफॅरडचा, ओळखीतल्या आयटीआयच्या सरांच्या मीटरवर ६ दाखवला. वरून अगदी नवा दिसत होता, ना फुगलेला ना गळलेला, मी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं. बदलल्यावर लाल वायरवर ५.०४ व्होल्ट स्थिर आणि केशरी दिवा. मला खरंच भरून आलं, आईला हाक मारून दाखवला.

आता कन्सोलला लावायच्या आधी १२ व्होल्ट कसा तपासू? थेट जोडायची भीती वाटतेय.

सिरीजबोर्ड
भीती वाटतेय तेच बरोबर. आता सिरीजचा बल्ब काढा, लोडवर तो व्होल्टेज पाडेल. ब्रिकच्या प्लगमध्ये पिवळ्या १२ व्होल्ट, काळ्या ग्राउंड, लाल ५ व्होल्ट स्टँडबाय आणि निळी म्हणजे चालू करायचा सिग्नल. लाल आणि निळी एका छोट्या वायरने जोडली की १२ व्होल्ट सुरू होतो आणि दिवा हिरवा होतो. पिवळी आणि काळी यांच्यात कारचा हेडलाइटचा एच फोर बल्ब लावा, ६०/५५ वॅटचा, दोन्ही फिलामेंट एकत्र जोडली की साडेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. दहा मिनिटं ठेवा, व्होल्टेज ११.८ च्या खाली जाऊ नये, ब्रिकमधला पंखा फिरला पाहिजे, वास येऊ नये. बल्ब खूप तापतो, फरशीवर ठेवा.

आणि पॉवर काढून, कॅपॅसिटर रिकामे करून, कोणाकडे मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) असेल तर ५०० व्होल्टवर प्रायमरी आणि सेकंडरीमधलं इन्सुलेशन बघून घ्या. हातात कंट्रोलर घेऊन माणूस बसणार आहे तिथे, ही तपासणी मी कधीच सोडत नाही.

कृष्णाकाठची
केलं सगळं. मेगर गल्लीतल्या वायरमन काकांकडून आणला, रीडिंग स्केलच्या बाहेर म्हणजे उत्तम म्हणाले. हेडलाइटच्या लोडवर १५ मिनिटं ११.९७ व्होल्ट. मग कन्सोल लावला, हिरवा दिवा, आणि टीव्हीवर भावाच्या जुन्या प्रोफाइलचं नाव आलं. दोन तास चालवला, ब्रिक कोमट आहे फक्त. पिनेला लाल चिकटपट्टी गुंडाळून वर मार्करने "फक्त ११०" लिहिलंय.

शेवटचं एक विचारते, स्टेप-डाऊन ५०० व्हीएचा आहे, तो पुरेल ना? आणि कायम चालू ठेवला तर चालेल?

वेढे_आणि_गाभा
५०० पुरेसा आहे. कायम चालू नको, रिकामा असला तरी गरम होतो, खेळून झालं की भिंतीचं बटण बंद करा. भावाला आमचाही नमस्कार सांगा.