बहाव्याचं बी उगवत नाही, काय करावं?

माळरान: बहाव्याच्या वाळलेल्या शेंगांतल्या बिया रात्रभर साध्या पाण्यात भिजवून पिशव्यांत लावल्या. महिना उलटला तरी मोजकीच रोपं वर आलीत. उकरून पाहिलं तर बाकीच्या बिया तशाच टणक, कुजलेल्याही नाहीत. पावसाळ्यात मुरमाड माळावर लावायची आहेत. पुढे चंदनही करायचं आहे, त्यालाही हीच अडचण येते का?

बीजराखण: बी जिवंत आहे, फक्त पाणी आत शिरलेलं नाही. बहाव्याचं कवच साध्या पाण्याला दाद देत नाही. थोड्या बिया असतील तर नेलकटरने कवचाचा टवका काढा किंवा पॉलिश पेपरवर घासा. मूळ निघतं ते टोक सोडून दुसऱ्या बाजूला घासायचं आणि कवचाखालचा फिकट थर दिसला की थांबायचं. मग 24 तास पाण्यात ठेवा. फुगलेल्या तेवढ्याच लावा, न फुगलेल्या पुन्हा घासा. फुगणं हीच खरी परीक्षा. पेरणी 1 ते 1.5 सेंमी खोल.

बिया जास्त असतील तर पाणी उकळून भांडं आचेवरून उतरवा, मग त्यात बिया टाका आणि त्याच पाण्यात दिवसभर राहू द्या. आचेवर उकळत ठेवल्या तर आतला गर्भ मरतो. या पद्धतीत उगवण पुढेमागे होते, म्हणून मला घासणंच भरवशाचं वाटतं. गंधकाम्लाचा प्रयोग घरी अजिबात नको.

गावशिवार: दोन गोष्टींची भर घालतो. शेंगेतला काळा चिकट गर पूर्ण धुवा, नाहीतर बुरशी धरते. आणि भोक पडलेल्या बिया काढून टाका, त्या किड्याने आतून पोखरलेल्या असतात. उगवल्यावर पाणी बेताचंच द्या. पिशवीत चिखल राहिला की कोवळी रोपं मानेतून कोलमडतात. पोयट्यात निम्मी वाळू मिसळा.

चंदनवाडी: चंदनाचं नुसतं कवचावर भागत नाही, बी सुप्तावस्थेतही असतं. जिबरेलिक आम्ल (उगवणीला चालना देणारं संप्रेरक) 500 पीपीएम, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम; त्यात बिया रात्रभर भिजवा. पूड पाण्यात लवकर विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा. चंदन अर्धपरजीवी आहे, म्हणजे शेजारच्या झाडाच्या मुळांतून थोडं अन्नपाणी घेतं, तेव्हा रोप पिशवीत हलवलं की शेजारी तूर लावा.

कडुनिंबाचं मात्र नेमकं उलटं: बी साठवलं की काही आठवड्यांत उगवणशक्ती जाते. निंबोळी पिकून पडली की गर काढा, धुवा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा.

माळरान: उरलेल्या बिया धुऊन, घासून पुन्हा भिजत घालतो. पिशवी केवढी घ्यावी?

बीजराखण: उंच घ्या, 6 बाय 9 इंची तरी हवी. बहाव्याचं सोटमूळ लवकर खाली जातं, आखूड पिशवीत ते वेटोळं घेतं आणि तसं रोप माळावर तग धरत नाही.