बर्फात धाकट्याचे हात दहा मिनिटांत गार पडतात, मदत हवी आहे

अर्धवट_झोप
लवकर सांगा कोणीतरी प्लीज. दोन मुलं आहेत, बर्फात खेळायला न्यायचं म्हटलं की तयारीतच पाऊण तास जातो, एकाची झिप लावेपर्यंत दुसऱ्याने टोपी काढून फेकलेली असते, आणि एवढं करून बाहेर गेलं की दहा मिनिटांत धाकटा हात गार पडले म्हणून रडायला लागतो, की सगळे परत आत. काल हात लालबुंद झाले होते, घाईघाईने गरम पाण्याच्या नळाखाली धरले तर आणखीच किंचाळला. सगळं घालतो आम्ही त्याला, काही कमी नाही. उद्या परत बर्फ आहे आणि मोठीला जायचंच आहे. काय चुकतंय?

पांघरूण
वयं किती? तापमान किती होतं? आणि "सगळं" म्हणजे नक्की काय काय ते लिहा ना, त्याशिवाय काय सांगणार.

लोकरीची_घडी
आतला थर मेरिनो लोकरीचा घ्या, अर्धा प्रश्न तिथेच सुटेल. सुती कपडा घाम शोषून अंगाला गार चिकटून बसतो, लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब धरून ठेवते. माझ्या दोघी याच्यावरच वाढल्या.

साधा_बाबा
लोकर टोचते हो. आमच्याने एक दिवस घातली आणि मान खाजवून खाजवून लाल केली. पॉलिस्टरचं थर्मल, वर फ्लीस, सगळ्यात वर वॉटरप्रूफ, बास. वाळतंही लवकर.

लोकरीची_घडी
साधा_बाबा, मेरिनोचा धागा बारीक असतो, तो टोचत नाही. तुम्ही जाडीभरडी लोकर घेतली असणार.

गाडीवाली_मावशी
गाडीतून नेणार असाल तर फुगीर जॅकेट घालून कारसीटमध्ये बसवू नका हं. पट्टा घट्ट लावल्यासारखा वाटतो पण धक्का बसला की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. पट्टा अंगालगत लावायचा आणि जॅकेट वरून पांघरायचं.

अर्धवट_झोप
गाडी कुठून आली मध्येच, दारासमोरच खेळतात. मोठी साडेपाच, धाकटा अडीच. काल उणे ४ होतं. थर्मल, स्वेटर, स्नोसूट, टोपी, बूट, दोन-दोन पायमोजे, हातमोजे. हातमोजे सगळ्यात शेवटी. झालं, आता सांगा.

जुळ्यांची_आई
हातमोजे कसले आहेत? पाच बोटांचे की मिटन्स, म्हणजे अंगठा वेगळा आणि बाकी चार बोटं एकत्र? आणि धाकटा बाहेर गेल्यावर करतो काय, पळतो की बसून राहतो?

अर्धवट_झोप
आजीने विणलेले लोकरीचे आहेत, पाच बोटांचे, चांगले जाड. बसूनच असतो, मुठीत बर्फ घेऊन दाबत बसतो.

जुळ्यांची_आई
सापडलं बघा. विणलेल्या मोज्यात बर्फाचे कण अडकतात, हाताच्या उबेने विरघळतात आणि मोजा भिजतो. त्यात एक एक बोट वेगळं म्हणजे प्रत्येक बोट एकटंच गारठतं, मिटनमध्ये चारही बोटं एकमेकांना ऊब देतात. वॉटरप्रूफ मिटन्सच हव्यात. आता आत आलात की त्याचं मनगट नीट बघा. आमच्या एकाच्या मनगटाभोवती बांगडीसारखा लाल पट्टा उमटायचा, मोजा आणि बाही यांच्या फटीत बर्फ ठासून बसलेला असायचा, आणि आम्ही आपले बोटंच चोळत बसायचो. म्हणून मिटन्स आधी घालायच्या, मग स्नोसूटची बाही त्यावरून ओढायची. शेवटी घालत असाल तर फट राहणारच.

साधा_बाबा
लांब मनगटाच्या, दोरी ओढायच्या मिटन्स असतील तर त्या बाहीच्या वरूनच घालायच्या. आत घातल्या तर बाहीत मावत नाहीत, नुसता बोळा होतो.

जुळ्यांची_आई
लांबवाल्या असतील तर खरंय. अडीच वर्षांचं पोर दोरीवाली ओढून काढतं पण, हा अनुभव आहे.

लोकरीची_घडी
हातमोज्यांच्या बाबतीत पटलं, माझी लोकर आतच बरी. पण दोन पायमोजे काढा! बूट घट्ट झाला की रक्त नीट फिरत नाही, पाय उलट जास्त गार पडतो. एकच जाड जोडी, आणि बोटं आत हलली पाहिजेत.

सकाळची_पाळी
गरम नळाचं वाचून राहवलं नाही. गारठलेल्या हाताला गरम किती ते कळत नाही, भाजू शकतं. कोमट पाणी घ्या, ३७ ते ३९ अंश, आपल्या कोपराला लावून बघा. चोळू नका, बर्फाने तर अजिबात नाही. लाल हात उबेत आले की बरे होतात, पण बोट पांढरट किंवा राखाडी पडलं, बधिर झालं आणि उबेतही रंग आला नाही तर थेट डॉक्टर.

पांघरूण
इतक्या लहानाला नेताच कशाला, सर्दी होईल.

सकाळची_पाळी
सर्दी विषाणूने होते, बर्फात खेळून नाही. अंग कोरडं असेल तर खेळू द्या, मध्ये मध्ये आत आणा.

अर्धवट_झोप
सर्दीवर नंतर भांडा, उद्या सकाळपर्यंत मिटन्स कुठून आणू?

जुळ्यांची_आई
उद्यापुरतं त्याच मोज्यांच्या दोन जोड्या घ्या, एक हातात, एक तुमच्या आतल्या खिशात, ओलं लागलं की लगेच बदला. हातात फावडं आणि डबा द्या, मुठीत बर्फ येणार नाही. आणि आधी तुम्ही स्वतः तयार व्हा. मुलांना चढवून मग तुम्ही बूट शोधत बसलात तर तेवढ्यात ती आत घामाघूम होतात आणि तोच घाम बाहेर गार पडतो. आधी दोघांना शू करवून घ्या, आणि धाकट्याला सगळ्यात शेवटी कपडे चढवा. मोठीचं जॅकेट जमिनीवर उघडं पसरा, टोपीची बाजू तिच्या पायांकडे, हात घालून डोक्यावरून पलटी मारली की अंगात, एकटीचं एकटी.

गाडीवाली_मावशी
मफलर नको, घसरताना अडकतो. गळ्यात घालायची बंद पट्टी मिळते ती घ्या. ऊन असेल तर सनस्क्रीन पण, बर्फावरून ऊन परत तोंडावर येतं.

अर्धवट_झोप
आत्ता आलो. २५ मिनिटं!! १२व्या मिनिटाला जोडी बदलली, मनगटाला लाल पट्टा खरंच होता, इतके दिवस दिसलाच नाही हो मला. एकच पायमोजा घातला, पायांची तक्रार नाही. मोठीने जॅकेट चार वेळा पलटी मारून दाखवलं, बाहेर जायलाच तयार नव्हती. मिटन्स आज मागवते. पण बुटात बर्फ गेलाय, आतून चिंब आहेत, हीटरवर ठेवू का?

साधा_बाबा
हीटरवर नको, रबर आणि चिकटवलेला भाग सुटतो. आतलं अस्तर निघत असेल तर काढून वेगळं वाळवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला.