व्हीपीएन क्लायंटचा लॉग: नेमका कुठला, कधी आणि कसा मागवायचा?

अलकापुरी_आयटी
ऑफिस बडोद्यात अलकापुरीला, सर्व्हर तिथेच. लिनक्सवर ओपनव्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा सुरक्षित बोगदा), यूडीपी पोर्ट ११९४, कीपअलाइव्ह १० ६०. घरून जोडणारे तीसेक जण, सगळ्यांकडे विंडोज आणि ओपनव्हीपीएन २.६. पासवर्डसोबत ओटीपी लागतो. सध्या तीन तक्रारी आहेत.

दांडिया बाजार: जोडलंच जात नाही, चिन्ह पिवळंच राहतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र लगेच लागतं.
मांजलपूर: जोडलं जातं, पिंगही जातं, पण ईआरपीचं (ऑफिसच्या कामकाजाच्या सॉफ्टवेअरचं) पान अर्धं येऊन थांबतं.
गोत्री: "कधीही तुटतं." याहून जास्त माहिती मिळत नाही.

लॉग मागितला की व्हॉट्सअॅपवर स्क्रीनचा तिरका फोटो येतो. फाइल आलीच तर तिच्यात सगळं व्यवस्थित जोडलेलं दिसतं. लोकांकडून काय आणि कोणत्या क्रमाने मागवू? वर्ब (लॉग किती तपशिलात लिहायचा ती पातळी) ३ आहे.

सुरसागरकाठ
फाइलीत सगळं छान दिसतं कारण ती चुकीच्या वेळची असते. या क्लायंटमध्ये कनेक्ट दाबलं की त्या प्रोफाइलचा जुना लॉग पुसला जातो आणि नवा सुरू होतो. व्हीपीएन तुटलं, माणसाने परत जोडून काम उरकलं आणि संध्याकाळी फाइल पाठवली, तर तुम्हाला हवा तो लॉग दुपारीच गेलेला असतो. म्हणून आधी ट्रेमधल्या चिन्हावर राइट क्लिक, सेटिंग्ज, जनरल, आणि तिथे 'अपेंड टू लॉग'वर टिक. हे प्रत्येकाच्या मशीनवर करून घ्या, बाकी सगळं नंतर.

मग क्लायंटच्या कॉन्फिग फाइलीत वर्ब ३ चं ४ करा. ४ वर सुरुवातीलाच सगळे लागू असलेले ऑप्शन छापले जातात, त्यामुळे कोणाकडे जुनी कॉन्फिग पडून आहे तेही कळतं.

लोकांना सांगायचा क्रम: डिस्कनेक्ट करा, घड्याळातली वेळ लिहून ठेवा, कनेक्ट दाबा आणि दीड मिनिट कॅन्सलला हात लावू नका. टीएलएसची (एन्क्रिप्शन ठरवण्याची) बोलणी ६० सेकंदांत पुरी झाली नाहीत तरच क्लायंट 'टीएलएस की निगोशिएशन फेल्ड' ही ओळ लिहितो. लोक वीस सेकंदांत कंटाळतात आणि नेमकी तीच ओळ यायची राहते.

अडचण चालू असतानाच कमांड प्रॉम्प्टवर 'आयपीकॉन्फिग /ऑल' आणि 'रूट प्रिंट' चालवून दोन्हींचं आउटपुट टेक्स्ट फाइलीत घ्यायला सांगा. लॉगची फाइल युजरच्या फोल्डरात 'ओपनव्हीपीएन' आणि त्यात 'लॉग' इथे सापडते. तिन्ही फाइली झिप करून मेलने मागवा. कॉन्फिगची ओव्हीपीएन फाइल मागवू नका. तिच्यात बहुतेक वेळा प्रायव्हेट कीच चिकटवलेली असते, आणि ती एकदा मेलवर फिरली की सर्टिफिकेट रद्द करून नवं काढणं आलं.

केबलगुंता
वर्ब थेट ९ लावा, सगळं दिसेल.

सुरसागरकाठ
सगळं दिसेल म्हणूनच काही दिसणार नाही. ५ वर प्रत्येक पॅकेटमागे आर नाहीतर डब्ल्यू छापायला सुरुवात होते, नुसती अक्षरांची रांगोळी. ६ ते ११ ही प्रोग्राम लिहिणाऱ्यांची डीबग पातळी आहे. जोडणीच्या तक्रारीला ४ पुरतं.

रावपुरा_नेटवर्क
लॉग वरून खाली वाचू नका, गाडी कोणत्या स्टेशनला अडली ते शोधा. क्रम ठरलेला असतो: 'लिंक रिमोट', मग 'टीएलएस: इनिशियल पॅकेट फ्रॉम', मग 'व्हेरिफाय ओके', मग 'पीअर कनेक्शन इनिशिएटेड', मग 'पुश रिप्लाय', शेवटी 'इनिशियलायझेशन सीक्वेन्स कम्प्लीटेड'. दांडिया बाजारवाल्यांकडे 'लिंक रिमोट' आहे आणि 'इनिशियल पॅकेट' नाही असं असेल, तर सर्व्हरचं उत्तर क्लायंटपर्यंत आलेलंच नाही. पासवर्ड, ओटीपी, सर्टिफिकेट यांतलं काहीही अजून तपासलं गेलेलं नाही, तेव्हा पासवर्ड बदलून देण्यात अर्थ नाही.

पुढचा निकाल क्लायंटच्या लॉगमधून लागणार नाही. सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावा, यूडीपी पोर्ट ११९४ आणि त्या घराचा पब्लिक पत्ता एवढाच फिल्टर. पॅकेट येतच नसेल तर वाट घराच्या राउटरवर किंवा केबलवाल्याच्या नेटवर्कमध्ये अडली आहे. येतंय आणि सर्व्हर उत्तरही देतोय, तर परतीची वाट बंद आहे. येतंय पण सर्व्हर गप्प आहे, तर आपलाच फायरवॉल किंवा टीएलएस-ऑथची (दोन्हीकडे सारखीच लागणारी) की जुळत नाही.

पब्लिक पत्ता ब्राउझरमधून बघायला सांगा, राउटरच्या पानावरचा घेऊ नका. तिथे १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर तो सीजीनॅटचा, म्हणजे केबलवाल्याच्या आतल्या नेटवर्कचा, सर्व्हरला तो कधीच दिसणार नाही. आणि सर्व्हरचा लॉग यूटीसीत असेल तर तो साडेपाच तास मागे असतो. दोन्हीकडच्या ओळी जुळत नाहीत म्हणून लोक तासभर डोकं खाजवतात.

मोजपट्टी
मांजलपूरचं एमटीयूचं (एका पॅकेटच्या कमाल आकाराचं) वाटतं. पिंगची पॅकेटं ३२ बाइटची, ती जातात. ईआरपीचं पान मोठ्या पॅकेटांत येतं, ती वाटेत गळतात. लॉगमध्ये याची ओळ बहुधा सापडणार नाही, मोजूनच बघावं लागतं.

आधी व्हीपीएन बंद ठेवून 'पिंग -एफ -एल १४७२' आणि पुढे बाहेरचा कुठलाही पिंगला उत्तर देणारा पत्ता. १४७२ अधिक हेडरचे २८ म्हणजे १५००. ते गेलं नाही आणि १४६४ गेलं, तर लाइन पीपीपीओईची (युजरनेम-पासवर्डने जोडणारी ब्रॉडबँड) आहे, एमटीयू १४९२. मग व्हीपीएन जोडून ऑफिसच्या आतल्या पत्त्यावर तसंच, १४०० पासून दहा-दहाने उतरत. कुठे सुरळीत होतं तो आकडा टिपून ठेवा.

क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये 'एमएसएसफिक्स १३००' (टीसीपीची पॅकेटं लहान ठेवणारा ऑप्शन) घालून पान उघडतं का पाहा. हे फक्त बोगद्यातल्या टीसीपीला लागू होतं, यूडीपीवरच्या कॉलला नाही.

जाता जाता: 'रूट प्रिंट'मध्ये घरचं नेटवर्क आणि ऑफिसचं नेटवर्क दोन्ही १९२.१६८.१ चं दिसलं, तर बाकी तपास थांबवा. आधी एकीकडचं बदला.

अलकापुरी_आयटी
गोत्रीचा अपेंड केलेला लॉग आला. तुटण्याच्या वेळा: १०:०२:११, ११:०२:१४, १२:०२:१६. तिन्ही ठिकाणी 'ऑथ फेल्ड'. सर्व्हरवर त्याच वेळी 'टीएलएस ऑथ एरर, युजरनेम/पासवर्ड व्हेरिफिकेशन फेल्ड'. त्यांच्या लॅपटॉपच्या वायफायचा रिपोर्टही 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट'ने काढला, गेल्या तीन दिवसांचा. त्या वेळांना वायफाय तुटलेलं नाही.

रावपुरा_नेटवर्क
"कधीही" म्हणजे दर तासाला, मिनिटाला मिनिट. रीनेग-सेक (एन्क्रिप्शनची की किती वेळाने बदलायची ती मुदत) मुळात ३६०० सेकंद असतो. तासाने की बदलताना क्लायंट तोच जुना ओटीपी पुन्हा पाठवतो आणि सर्व्हर तो नाकारतो. बाकीच्यांचंही हेच होत असणार. ते न कुरकुरता परत जोडत असतील.

रीनेग-सेक ० करणं हा सोपा उपाय दिसतो, पण दोन्हीकडे करावा लागतो. एकीकडे ३६०० राहिलं तर ती बाजू तासाने की बदलायला लावतेच. शिवाय की बदलायचीच बंद होते, ते बरं नाही. त्यापेक्षा सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये 'ऑथ-जेन-टोकन ४३२००' घाला. पहिल्यांदा ओटीपी बरोबर आला की सर्व्हर बारा तासांचं टोकन देतो आणि पुढच्या तासांना तेच चालतं. क्लायंटकडे काहीच बदलावं लागत नाही.

यासाठी सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागेल, तेव्हा सगळे एकदम तुटतील. संध्याकाळी सातनंतर करा.

सुरसागरकाठ
आणि तपास संपला की वर्ब परत ३, अपेंडची टिक काढा. नाहीतर तीस मशीनवर त्या फाइली वाढत बसतील.