दोन ऑनलाइन तासांच्या मधल्या वेळात कला महोत्सव कसा बसवता?

खडूविना_गुरुजी:
नमस्कार मंडळी. मी सातवी-आठवीला गणित शिकवतो, सगळं ऑनलाइन. सकाळचे तास अकराला आटोपतात, दुपारचे साडेचारला सुरू. सध्या चालत जाता येईल इतक्या अंतरावर कला महोत्सव भरलाय, म्हणून मधल्या वेळात तिकडे पळतो. पण सकाळभर "स्क्रीन दिसतेय का? अरे, म्यूट काढ" करून दालनात शिरलं की समोरचं चित्रही पुढची स्लाइड वाटतं, पाच सेकंदांत पुढे सरकतो. काल मुद्राचित्रांच्या (ठशावरून कागदावर छापलेल्या चित्रांच्या) खोलीत तर दिवे इतके मिणमिणते की आधीच चुरचुरणाऱ्या डोळ्यांना काही धड दिसेना. तुम्ही कसं जमवता? आणि दुपारचा तास तिथल्याच एखाद्या कोपऱ्यातून घेतला तर? (कोपरा हेरून ठेवलाय.) रजा घ्या म्हणू नका, परीक्षा तोंडावर आहे.

तिरकी_रेघ:
दिवे मुद्दाम मंद असतात हो. कागदावरच्या कामाला साधारण 50 लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रकाश देतात, कारण उजेडाने रंग उडतो, कागद पिवळा पडतो आणि ते नुकसान भरून येत नाही. उन्हातून थेट त्या खोलीत शिरू नका. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला 20-30 मिनिटं लागतात. इतकी गरज नाही, पण दहा मिनिटांनीही फरक कळतो. आधी बाकीची दालनं करा, मुद्राचित्रं शेवटी. चुरचुरण्याचं कारण वेगळं: एरवी मिनिटाला 15 च्या आसपास पापण्या लवतात, स्क्रीनसमोर त्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतात. तासातच मुद्दाम लववत जा.

वायरमन_काका:
सर, कोपऱ्याचा नाद सोडा. एका टॉवरची क्षमता तिथल्या सगळ्या फोनांत वाटली जाते, आणि महोत्सवात जो तो व्हिडिओ चढवत असतो. नुसत्या आवाजाला 100 केबीपीएसच्या (सेकंदाला किलोबिट) आत भागतं, पण 720पी, म्हणजे बऱ्यापैकी स्पष्ट चित्राला 1 एमबीपीएसच्या (म्हणजे हजार केबीपीएसच्या) वर अपलोड लागतो, तोही सलग. दुपारी बाराला तपासून खूश होऊ नका, गर्दी संध्याकाळकडे वाढते. अगदीच अडलात तर कॅमेरा बंद ठेवून शिकवा. पण गणित, आणि फळा न दाखवता? मला तरी पटत नाही.

विंगेतली:
चित्रं स्लाइडसारखी वाटतात, त्यात तुमचा एकट्याचा दोष नाही. बोस्टनच्या कला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी 1916 मध्येच 'संग्रहालयाचा थकवा' या विषयावर लेख लिहिला होता. वस्तू आणि चिठ्ठ्या नीट दिसाव्यात म्हणून माणसाला किती वाकावं-उकिडवं बसावं लागतं, याचे फोटोच काढून दाखवले. तेव्हा कुठला आलाय स्क्रीन! मी तर चित्रांऐवजी छोटे प्रयोग धरते. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या महोत्सवाला 1947 मध्ये आठ नाटकमंडळ्या बोलावणं नसताना येऊन थडकल्या, त्यातूनच तिथला फ्रिंज, म्हणजे मुख्य महोत्सवाच्या कडेने चालणारा खुला महोत्सव, उभा राहिला. तिथले बरेचसे प्रयोग तासाभराचे असतात. तुमच्याकडेही असे असतील तर एक गाठा. अंधारात बसलं की घड्याळ बघता येत नाही, हा वरचा फायदा. फक्त वेळेआधी पोचा, उशिरा आलेल्यांना बहुधा आत घेत नाहीत.

खडूविना_गुरुजी:
काका, कोपरा रद्द. तिरकी_रेघ, मग उद्या शेवटी एकच मुद्राचित्र बघणार: भिंतीला टेकवलेली शिडी आणि वर अर्धवट उघडी खिडकी. आठवीला ते शब्दांत सांगेन, "शिडी भिंतीशी साधारण तीस अंशांचा कोन करते, खिडकीची रुंदी उंचीच्या निम्मी", आणि पोरांनी वहीत काढायचं. मग मूळ चित्र दाखवायचं. त्यासाठी फोटो काढला तर चालेल?

तिरकी_रेघ:
वर्णनाला कुणाची हरकत नाही. फोटोचं मात्र दालनातल्या माणसाला आधी विचारा, आणि वर्गात दाखवायचाय हे आत्ताच सांगून टाका. फ्लॅश अजिबात नको. काचेत तुमचंच डोकं येईल, जरा बाजूला उभे राहा.